बंद पडलेल्यांची यादी : गुऱ्हाळ प्रकल्पाच्या नोंदी

९ सप्टेंबर २०२४
मंजूर प्रस्तावावर विषय आहे, ‘गुऱ्हाळ उद्योगासमोरील समस्या व उपाय’. असल्या नावाखाली काहीही खपतं. प्रश्नावली छापा, चालू गुऱ्हाळांवर चक्कर टाका, ‘खालीलपैकी कोणत्या समस्या जाणवतात’ म्हणून खुणा करून घ्या, टक्केवारी काढा आणि शेवटी शासनाने अनुदान द्यावे असं लिहून मोकळे व्हा. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी प्रस्तावाच्या समासात एवढंच लिहिलंय : ‘हा प्रश्न नाही, परिसंवादाचं नाव आहे.’

संध्याकाळी तिघे बसलो (मी, माझा जोडीदार आणि आमचा आकडेवाला). भांडण एकाच मुद्द्यावर झालं. गुऱ्हाळं बंद का पडतात हे आपल्याला हवंय, आणि विचारणार कुणाला, तर ज्यांची बंद पडली नाहीत त्यांना! चालू गुऱ्हाळाचा मालक सांगणार, ‘कामाला माणूस मिळत नाही.’ खरंच मिळत नसेल. पण तो तर चालवतोय. जी अडचण तगलेल्याला आणि बुडालेल्याला सारखीच आहे, तिच्यातून एक का तगला आणि दुसरा का बुडाला ते कसं कळणार? दोन्ही बाजू समोर पाहिजेत, आणि त्या एकाच सुरुवातीच्या रेषेवरून निघालेल्या पाहिजेत.

म्हणून प्रश्न असा बदलला : २०१४-१५च्या हंगामात जी गुऱ्हाळं चालू होती, त्यांतली आज कोणती बंद आहेत, आणि तेव्हा ती बाकीच्यांपेक्षा कशात वेगळी होती? म्हणजे दहा वर्षं मागे जाऊन तिथून एकेका गुऱ्हाळाचा माग काढत आजपर्यंत यायचं. पुस्तकात याला पूर्वलक्षी समूह-अभ्यास म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतली निवडक गावं घ्यायची. गावांची नावं वहीत राहतील, अहवालात जाणार नाहीत.

नमुना की सगळी गुऱ्हाळं, हाही वाद झाला. आकडेवाल्याकडे सूत्र तयारच. एकूण ३०० असतील तर पाच टक्के इकडेतिकडे आणि ९५ टक्के भरवसा धरून १६९ पुरतात. बरोबर आहे, पण ३०० हा आकडा आणायचा कुठून? चालू गुऱ्हाळं धुरावरून सापडतात. बंद पडलेल्यांची नोंद कुणी ठेवली आहे?

१२ सप्टेंबर
मॅडमनी हॅरॉल्ड मान वाचायला लावलं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे मान. त्यांनी पिंपळे सौदागर या एकाच गावाची घरटी पाहणी करून १९१७ साली ती छापली. जमिनीचे तुकडे किती, कर्ज किती, कुटुंबाचं पोट शेतीवर भरतं की बाहेरच्या मजुरीवर, असलं सगळं. ते गाव पुण्याला फार जवळ, शहराची मजुरी तिथे हाताशी. म्हणून दुसऱ्या अभ्यासाला त्यांनी लांबचं, कोरडवाहू जातेगाव बुद्रुक घेतलं, तो १९२१चा. दुसरं गाव मुद्दाम वेगळं निवडायचं, म्हणजे पहिल्यात दिसलेलं कशामुळे दिसलं याचा अंदाज येतो. (आता पिंपळे सौदागरात जमिनीचे तुकडे चौरस फुटांत मोजतात, तो भाग वेगळा.)

ठरलं : निवडलेल्या गावांत नमुना काढायचा नाही, तिथली सगळी घ्यायची. गावं मात्र दोन तऱ्हेची, नदीकाठची पाणीवाली आणि पन्हाळ्याच्या बाजूची चढाची.

१९ सप्टेंबर
विसर्जनाची मिरवणूक आटोपून शहर अजून डोळे चोळतंय. मार्केट यार्डात गेलो. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली तेव्हापासून कोल्हापूर म्हणजे गुळाची बाजारपेठ, तेव्हा यादी असेल तर इथेच असेल असा आमचा होरा होता.

एका अडत्यानं जुन्या वह्या दाखवायचं कबूल केलं. अट दोन : फोटो काढायचा नाही आणि वही गादीवरून उठवायची नाही. मान्य. दिवाणजींनी २०१४-१५ची वही फडक्यानं पुसून समोर ठेवली आणि पहिल्याच पानावर घोडं अडलं. पट्टी (विक्रीचा हिशेब) निघते शेतकऱ्याच्या नावानं. गुऱ्हाळाचं नाव वहीत कुठेच नाही. शेतकरी आपला ऊस गुऱ्हाळावर नेऊन गाळून घेतो, मालकाला भाडं देतो, गूळ स्वतःच्या नावानं अडतीला लावतो. गुळाचे रवे (ढेपा) किती, वजन किती, दर किती, अडत, तोलाई, हमाली, उचलीतून (आगाऊ दिलेल्या पैशांतून) किती वळते केले, सगळं चोख. पण आम्हाला हवं ते चुलवाण, रस उकळायची ती भट्टी, या हिशेबात कुठेच उमटत नाही.

म्हणजे आमचं मोजायचं एकक एक आणि नोंदवहीचं दुसरं. असं झालं की दोनच वाटा असतात. एकक बदला, नाहीतर दुवा शोधा. दुवा दिवाणजींच्या डोक्यात निघाला. त्यांचं बोट एका नावाखाली थांबलं, “ह्यो आपल्या वडाच्या गुऱ्हाळावर गाळतोय. पिवळाधमक माल, रव्याच्या कडा बघा कशा असायच्या.” पुढचं नाव, “ह्योबी तिथलाच.” बोट खाली सरकत होतं, मी लिहीत होते. जोडीदार म्हणाला, ही तर तोंडी साक्ष झाली. मग? जनगणनाही तोंडी साक्षच असते. फक्त ती किती धरायची हे तपासता आलं पाहिजे.

२७ सप्टेंबर
तपासायला दुसरी यादी हवी, आणि ती पहिलीशी संबंध नसलेल्या ठिकाणाहून आली पाहिजे. गुळव्या सापडला! गूळ शिजवणारा, हंगामागणिक वेगळ्या गुऱ्हाळावर जाणारा माणूस. कुठे काहील (रस उकळायची कढई) किती मोठी, कुठला मालक वेळेवर पैसे देतो, कुठे चुलवाणाला ओढ चांगली, सगळं त्याला पाठ. दोन वयस्क गुळव्यांकडून गाववार यादी घेतली, वेगवेगळ्या दिवशी, एकाला दुसऱ्याची न दाखवता.

आता दोन याद्यांचा मेळ. खरे आकडे इथे लिहीत नाही, छोट्या गावात आकड्यावरूनही माणूस ओळखू येतो. गोल आकड्यांत पद्धत अशी. अडत्याच्या यादीत १४०, गुळव्यांच्या यादीत ९०, दोन्हींत असलेली ६०. गुळव्यांच्या ९० पैकी ६० म्हणजे दोन तृतीयांश अडत्याच्या वहीत सापडली. तर अडत्याची यादी एकूण गुऱ्हाळांच्या दोन तृतीयांश धरते असं मानायचं. मग एकूण १४० गुणिले ९० भागिले ६०, म्हणजे २१०. दोन्ही याद्या मिळून वेगळी नावं १७०, म्हणजे ४० गुऱ्हाळं अशी, जी कुणालाच आठवली नाहीत. ज्यांचं नावही माहीत नाही त्यांची संख्या काढता येते, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा जरा जादूच वाटते.

जनावरं मोजणाऱ्यांची ही रीत माणसांच्या नोंदींना लावून दाखवली चंद्रशेखर आणि डेमिंग या दोघांनी, १९४९ साली, कोलकात्याजवळच्या सिंगूरच्या जन्म-मृत्यू नोंदींवर. एका बाजूला निबंधकाची वही, दुसऱ्या बाजूला घरोघरी फिरून केलेली यादी. मेख त्यांनीच सांगून ठेवली आहे. दोन याद्या एकमेकींपासून स्वतंत्र असल्या तरच हिशेब खरा. आमच्या तशा नाहीत. मोठं गुऱ्हाळ दिवाणजींनाही आठवतं आणि गुळव्यालाही. ओढ्याकाठचं लहानसं, दोन हंगाम चाललेलं, दोघांच्याही ध्यानातून जातं. त्यामुळे समाईक आकडा फुगतो आणि एकूण कमी येतो. यावर त्यांचा उपाय म्हणजे सारख्यातल्या सारख्यांचे गट पाडायचे, प्रत्येक गटाचा हिशेब वेगळा करायचा आणि मग बेरीज. आम्ही काहिलीच्या आकारानुसार दोन गट पाडले. एकूण आकडा वाढला. अपेक्षित होतं तेच.

निसटलेली शोधायला आता गावात जायचं, तलाठी, सोसायटीचा सचिव, चहाची टपरी. बहुतेक टपरीच.

५ ऑक्टोबर
परतीचा पाऊस. पन्हाळ्याच्या बाजूचं एक गाव.

शेडवरचे निम्मे पत्रे गेलेत. काहील भिंतीला उभी टेकवलेली, तळाला गंजाचे पोपडे. चुलवाणाच्या तोंडात जळणाच्या चिपाडाऐवजी कोंबड्यांचं खुराडं. घाण्याच्या लोखंडी रुळांना शेळी बांधलेली. मी वहीत ‘बंद’ लिहिलं आणि मालक आबा आले.

“आबा, गुऱ्हाळ कधी बंद झालं?”
“बंद कुठं? औंदा चालवलं न्हाई, एवढंच.”
“आणि गेल्या साली?”
“गेल्या साली थोरल्याचं लगीन होतं की.”

तासभर बोलल्यावर कळलं, पाच हंगामांत एक आधण, म्हणजे काहिलीभर रसाची एक खेप, निघालेलं नाही. पण आबांच्या लेखी ते चालूच आहे, आणि त्यांना खोटं पाडायचा आमचा हक्क काय? मात्र तक्त्यात एकच खूण करता येते.

रात्री नियम लिहून काढले. लागोपाठ दोन हंगाम एकही आधण निघालं नाही तर बंद. भाड्यानं दुसऱ्यानं चालवलं तर चालू, कारण आम्ही चुलवाण मोजतोय, मालक नाही. शेड पाडून दुसऱ्या शेतात बांधलं तर तेच गुऱ्हाळ. नुसती काकवी करत असेल तरी चालू. रसवंती काढली तर बंद. वाटणी होऊन एकाची दोन झाली, तर? यावर रात्री साडेअकरापर्यंत खल. शेवटी मूळ जागेवरचं जुनं आणि दुसरं २०१४-१५नंतरचं, म्हणून समूहाबाहेर. कुणाला हे केस चिरणं वाटेल, पण ही व्याख्या बदलली की बंदचं प्रमाण बदलतं, आणि पुढचं सगळं शास्त्र त्या प्रमाणावर उभं आहे. आबांचं स्वतःचं मत वेगळ्या रकान्यात घेतलं : ‘मालकाच्या मते चालू/बंद’. दोन रकान्यांतली तफावत हा कदाचित या प्रकल्पातला सगळ्यात बोलका आकडा ठरेल.

१५ ऑक्टोबर
दसरा झाला. चाचणी मुलाखती सुरू.

‘कोणत्या साली बंद केलं?’ या प्रश्नाला उत्तर येतं, “झाली की चार-पाच वर्सं.” सगळ्यांचीच चार-पाच वर्षं. लांबची गोष्ट माणसाला जवळची वाटते. नेटर आणि वॅक्सबर्ग यांनी १९६४मध्ये अमेरिकेतल्या घरदुरुस्तीच्या खर्चावर हे नीट मोजून दाखवलं होतं. तिकडे लोक जुनं छप्पर अलीकडे ओढतात, इकडे जुनं चुलवाण.

यावर कालपट केला. लांब कागदावर हंगामांच्या चौकटी, आणि वर सगळ्यांना ठाऊक असलेल्या खुणा : २०१६ची नोटाबंदी, २०१९चा महापूर, २०२०चं लॉकडाऊन, २०२१चा पूर. खाली ज्याच्या त्याच्या घरातल्या, म्हणजे थोरलीचं लग्न, बोअर मारलं ते साल, वाटणी. मग साल विचारायचंच नाही. “महापुरात शेडात पाणी आलं तेव्हा काहील जाग्यावर होती का?” एका काकूंनी लगेच सांगितलं, “न्हाई, इकली होती. त्या पैशातनंच म्हस घेतली, आणि ती पुरात माळावर न्यावी लागली.” म्हणजे २०१९च्या आधी. काका शेजारीच ‘एकवीस सालापर्यंत चालवलं’ म्हणत होते.

मालकाच्या बायकोला विचारायचं, हे यातून नियम म्हणून आलं. आधी कुटुंबप्रमुखच होता.

आणखी एक दुरुस्ती. ‘गेल्या हंगामात आधणं किती’ आणि ‘२०१४-१५मध्ये किती’ हे दोन प्रश्न शेजारी होते. एकाचं उत्तर दिलं की दुसरं त्याला शोभेल असंच येतं. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९९-२०००च्या फेरीत असंच झालं होतं. खाण्यावरचा सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा खर्च त्याच घरांना शेजारच्या रकान्यांत विचारला, उत्तरं एकमेकांकडे सरकली आणि गरिबीच्या आकड्यावर पुढे कित्येक वर्षं अर्थतज्ज्ञ भांडत राहिले. आमचे दोन प्रश्न आता प्रश्नावलीच्या दोन टोकांना.

२ नोव्हेंबर
पाडवा. यार्डात मुहूर्ताचे सौदे. फोटो, हार, पेढे, दराची बातमी. मुहूर्ताचा दर हंगामाच्या सरासरीत धरायचा नाही, आकडेवाल्याला बजावून ठेवलं.

११ नोव्हेंबर
विधानसभेचं मतदान २० तारखेला. गावात शिरलो की पहिला प्रश्न, “कुणाकडनं आलाय?” विद्यापीठाचं ओळखपत्र उलटंसुलटं करून बघतात आणि हसतात. ‘कारखान्याचे सभासद आहात का’ विचारलं की समोरचा खुर्चीत मागे रेलतो. आपल्याकडे कारखाना म्हणजे राजकारण, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. काल एका घरात कारखान्याची तारीफ ऐकली. सागवानी दिवाणावर आम्ही दोघं आणि तिसरा एक प्रचाराचा कार्यकर्ता बसला होता.

मुलाखती निकालानंतरच. निधी देणाऱ्यांना वेळापत्रक घसरलेलं आवडणार नाही, पण निवडणुकीआधीची निम्मी आणि नंतरची निम्मी उत्तरं एकत्र केली, तर फरक गुऱ्हाळाचा की प्रचाराचा ते परमेश्वरालाही सांगता येणार नाही.

संमतिपत्राचंही बदललं. छापील कागदावर सही म्हटलं की सात-बारा, कर्ज, बोजा, सगळी भुतं उभी राहतात. आता माहिती मोठ्यानं वाचून दाखवतो, तोंडी संमती घेतो आणि ती घेतल्याची सही आमची. नैतिकता समितीनं मान्य केलं. आमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी मात्र त्यांच्याकडे राहते.

२९ नोव्हेंबर
साखरेचा प्रश्न.

कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि रसात साखर मिसळल्याची तक्रार यार्डापासून पेपरापर्यंत सगळीकडे होते. साखर घातली की उतारा वाढतो, रंग उजळतो. न घालणारा दरात मार खातो आणि कदाचित त्यानंच बंद पडतो. म्हणजे आमच्या प्रश्नाशी संबंध आहे. पण तोंडावर विचारलं तर कोण ‘हो’ म्हणेल?

आकडेवाल्यानं फासा आणला. मूळ कल्पना वॉर्नर यांची, १९६५ची. आम्ही घेतलेला प्रकार नंतरचा. उत्तर देणाऱ्यानं फासा आडून टाकायचा. १ पडला तर काहीही असो, ‘हो’ म्हणायचं. ६ पडला तर ‘नाही’. २ ते ५ पडला तर खरं सांगायचं. ‘हो’ म्हणणारा खरं बोलतोय की फासा बोलतोय, आम्हाला कळत नाही, त्यामुळे तो सुरक्षित. पण सगळ्यांचं मिळून कळतं. समजा १२० जणांत ५० ‘हो’ आले. त्यांतले सुमारे २० नुसते फाशाचे, एक षष्ठांश. उरले ३०, आणि खरं बोलायची पाळी आलेले ८०. म्हणजे साडेसदतीस टक्के. किंमत एकच मोजावी लागते. सरळ विचारून लोक खरं बोलले असते तर हा अंदाज नऊ टक्के इकडेतिकडे झाला असता, फाशानं तेरा. झाकण घातलं की आतलं धूसर दिसणारच.

कागदावर देखणं आहे. शेडावर काय झालं? एका अण्णांनी फासा टाकला, मुठीत धरला, आणि गप्प. मग मूठ उघडून दाखवलीच. १ होता. “आता हो म्हणू व्हय? मी घालत न्हाई तर हो कशाला म्हणू? उद्या कोण म्हणंल, अण्णा हो म्हणला.” मी पुन्हा समजावलं. ते म्हणाले, “ताई, तुमचं गणित खरं असंल. पर तोंड माझं हाय.”

याला उत्तर नाही. जे प्रामाणिक आहेत तेच नियम मोडून ‘नाही’ म्हणतात, आणि अंदाज खाली घसरतो. पुढच्या दोन-तीन ठिकाणी तेच. एका ठिकाणी तर फासा बघून पोरं गोळा झाली, जुगार लागलाय म्हणून.

मी प्रश्न काढून टाकावा म्हणते. अमुक मालक साखर घालतो का, हे आम्हाला हवंच कशाला? तो दरात कुणाकडून मार खातोय असं त्याला वाटतं, एवढं पुरे, आणि ते सगळे न विचारता सांगतात. आकडेवाला नाराज आहे. एखादी पद्धत सुंदर आहे म्हणून तिच्यासाठी प्रश्न शोधायचा नसतो. मॅडमनी माझी बाजू घेतली. फासा आता त्याच्या टेबलावर कागदांवर ठेवलेला असतो.

१४ डिसेंबर
संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांची युक्ती लावून बघितली. १९३०च्या दशकाच्या अखेरीस बंगालमधल्या तागाच्या पाहणीपासून ते नमुन्याचे दोन स्वतंत्र तुकडे पाडून वेगवेगळ्या पथकांकडे द्यायचे. दोन तुकड्यांची उत्तरं जुळली नाहीत तर दोष शेतात नाही, मोजणाऱ्यांत आहे. आम्हीही प्रत्येक गावातली गुऱ्हाळं चिठ्ठ्या टाकून निम्मी मला, निम्मी जोडीदाराला, अशी दिली होती.

काहिलीचा आकार, आधणांची संख्या, अंतरं यांत फरक नाही. ‘बंद का केलं’ यात आहे, आणि डोळ्यांत भरेल इतका. माझ्या कागदांवर ‘पोरांना या कामात रस नाही’, ‘घरातल्या बाईला झेपत नव्हतं’. त्याच्या कागदांवर ‘कारखान्याचा दर’, ‘उचल फिटेना’. चिठ्ठ्या टाकल्या होत्या, म्हणजे माणसं तर सारखीच. वेगळे आम्ही होतो. पोरीशी बोलताना घर निघतं, गड्याशी बोलताना पैसा. यातलं खरं कोणतं असं विचारण्यात अर्थ नाही, दोन्ही खरीच असणार. पण एकट्यानं सगळ्या मुलाखती घेतल्या असत्या, तर त्याचं निम्मं कारण अख्ख्या जिल्ह्याचं कारण म्हणून छापलं गेलं असतं. प्रबंध बहुतेक एकट्यानंच लिहिले जातात, हे इथे सहज नोंदवून ठेवते.

विश्लेषणात मुलाखतकार हा रकाना कायम राहील.

४ जानेवारी २०२५
रात्रभर गुऱ्हाळावर. आज प्रश्नावली नाही, नुसतं बसायचं.

पहाटे चारला रस काहिलीत पडला. भेंडीच्या चेचलेल्या सालींचं पाणी ओतलं की मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायचं. गुळव्या थर्मामीटर वापरत नाही. ११८ अंशांच्या आसपास पाक होतो असं गूळ संशोधन केंद्राचं माहितीपत्रक सांगतं. हा थंड पाण्यात चिमूटभर टाकतो, बोटांत गोळी वळतो, काठावर आपटून आवाज ऐकतो. मग एकदम आरडाओरडा, चौघं काहील उचलतात आणि वाफ्यात ओततात.

सकाळी चिपाडं पसरायला बायका आल्या. आमच्या प्रश्नावलीत ‘कामगार उपलब्धता’ हा रकाना आहे, पण त्यात मालक सांगतो तीच संख्या. त्यांच्या रांगेत बसले. एक मावशी म्हणाल्या, “माणसं मिळंनात म्हंत्यात. आमी काय माणसं न्हवं? चिपाडाला गड्याच्या निम्मी हजेरी.” दुसरी, हात न थांबवता, “चिपाड वाळलं न्हाई तर जाळ कशाचा घालणार? पन आमचं नाव कुटंच न्हाई.” हजेरीची वही नंतर पाहिली. गुळव्या, जाळ घालणारा, घाण्यावरचे, सगळे नावानिशी. बायका एका ओळीत : ‘चिपाड – ६’.

कामगार टंचाईचा रकाना दोन केला : कोणत्या कामाला माणूस मिळत नाही, आणि त्या कामाला काय मजुरी देऊ केली होती. जुन्या मुलाखतींत फोन करून भरून घ्यावं लागेल. होईल.

२७ जानेवारी
मोकळ्या उत्तरांना संकेतांक द्यायचं काम. दोघांनी स्वतंत्रपणे दिले, मग जुळवले. बरेच जुळले, पण नुसतं जुळण्याला फसायचं नाही. दोघांनीही दहातल्या सात उत्तरांना ‘पैसा’ लावला असेल, तर न वाचता लावूनही निम्म्याहून जास्त जुळतीलच. कोहेन यांनी १९६० साली योगायोगाचा हा भाग वजा करून कॅपा हे जुळणीचं माप काढलं ते याचसाठी. ऐंशी टक्के जुळणी देखणी दिसते, वजाबाकीनंतर ०.५२ उरतो. ‘पैसा’ संकेतांक फोडून तीन केले : गुळाचा दर, उचल-कर्ज, उसाला कारखान्याचा दर. पुन्हा वाचन.

‘वाटणी’ कुठे टाकायची यावर अडलोय. भाऊ वेगळे झाले, शेड एकाकडे आणि पाण्याचा वाटा दुसऱ्याकडे. हे कौटुंबिक की आर्थिक? स्वतंत्र ठेवलं. अशी उत्तरं आमच्या अपेक्षेपेक्षा खूप जास्त आहेत, आणि छापील समस्यांच्या यादीत हा पर्यायच नव्हता.

१८ फेब्रुवारी
आकडेवाल्याचा नवा हट्ट, पुराचा उपयोग करू. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. २०१९ला आणि २०२१ला पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. काही शेडं बुडाली, शंभर पावलांवरची उंचवट्यावरची कोरडी राहिली. कोण बुडणार हे मालकाच्या हुशारीवर नव्हतं, जमिनीच्या उंचीवर होतं. म्हणजे निसर्गानंच चिठ्ठ्या टाकल्या. बुडालेल्यांत बंद होण्याचं प्रमाण जास्त आहे का, बघू.

कल्पना चांगली आहे आणि मी आडवी येणार नाही, पण चिठ्ठ्या इतक्या निर्मळ नाहीत. नदीकाठची रानं भारी, तिथला ऊस जाड, तिथली गुऱ्हाळं जुनी आणि मालक अनेकदा कारखान्याचे सभासद. त्यांना ऊस कारखान्याला घालणं आधीपासूनच सोपं होतं. पुरानं बंद पाडलं की पुरानं निमित्त दिलं? म्हणून तुलना फक्त पूररेषेच्या दोन्ही बाजूंना अगदी लगतच्या शेडांची, आणि २०१४-१५ ते २०१८-१९ या पूर नसलेल्या काळात दोन्ही बाजूंची बंद होण्याची गती सारखी होती का ते आधी दाखवायचं. सारखी नसेल तर हा तक्ता नाही. त्यानं मान्य केलं, तेही आकडे बघायच्या आधी. कागदावर तारीख घालून दोघांनी सह्या केल्या, म्हणजे नंतर निकाल बघून कुणाचं मत फिरायला नको.

न सापडलेले मालक हा दुसरा प्रश्न. काही घरं पुण्याला, काही इचलकरंजीला गेली. बंद पडलेल्यांतलेच जास्त गेलेत, उघड आहे. त्यांना वगळलं तर पुन्हा तगलेल्यांचीच बाजू जड होते. फोनवरून धरतोय. जे अजिबात मिळणार नाहीत, त्यांचं चुलवाण बंद आहे एवढं शेजाऱ्याकडून आणि डोळ्यानं कळतंच. कारण रिकामं राहील, आणि रिकामे किती ते तक्त्याखाली लिहायचं.

६ मार्च
गाववार तक्ते तयार. एका गावात, मोठ्या काहिलीच्या गटात, ‘वाटणीमुळे बंद’ या चौकटीत एकच गुऱ्हाळ येतं. गावाचं नाव नसलं तरी पंचक्रोशीतल्या कुणालाही ते घर कळेल, आणि त्या दोन भावांचा दावा अजून कोर्टात आहे. पाचपेक्षा कमी गुऱ्हाळं असलेली कोणतीही चौकट छापायची नाही, जवळची गावं एकत्र करायची. आकडेवाला म्हणतो, पूररेषेच्या तक्त्यातल्या निम्म्या चौकटी यात जातील. जाऊ देत.

गुळव्यांच्या यादीची दुरुस्त प्रत उद्या त्या दोघांना वाचून दाखवायची आहे. दिवाणजींनी त्यांची सोमवारी मागवली आहे, दुपारी सौदे आटोपल्यावर.